आम्रपालीचा मार्च

मार्च लागला की आमच्या माजिवड्याच्या सोसायटीतले आवाज खाली येतात. पार्किंगमधलं क्रिकेट बंद होतं, टीव्ही दबकत बोलतात, आणि संध्याकाळी गच्चीवर दोन-तीन मुली पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालतात. ओठ हलत असतात, नजर कुठेच नसते. हायवेवरून येणारी दुपारची हवा अंगाला चटके देते. येऊरच्या बाजूला काटेसावर लालभडक फुललेली असते, आणि गेटजवळच्या एकुलत्या एक आंब्याच्या मोहोराचा वास जिन्यापर्यंत येतो. गोडसर, थोडा तुरट, नाकात चिकटून राहणारा. लोकांना या वासाने कैऱ्या आठवतात, सुट्टी आठवते. मला ओलं प्लास्टर आठवतं.

यंदा समोरच्या ब्लॉकमधल्या अन्वीची दहावी. पहिल्या पेपरच्या सकाळी तिची आई तिला घेऊन दारात आली. "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. हिच्या डोक्यावर जरा हात ठेवा." मी ठेवला. "सावकाश जा गं," एवढंच म्हणाले. ती दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत धडधडत गेली. अगदी खालच्या मजल्यावर तिची पावलं पोचेपर्यंत मी दारात उभी होते.

मी हाडांवर काम करते. मोडलेलं हाड जोडणं हे डॉक्टरांचं काम. हाड मुळात तयार कसं होतं, हे बघणं माझं. हाडाच्या आतल्या मगजात काही पेशी अशा असतात की त्यांनी पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. एखादीचं हाड होतं, एखादीची कूर्चा, एखादीची नुसती चरबी. त्यांना मूलपेशी म्हणतात, आम्ही बोलताना स्टेम सेलच म्हणतो. त्या कुठल्या वाटेने जातात, कोण त्यांना त्या वाटेला लावतं, यात माझी जवळजवळ वीस वर्षं गेली. लोकांना हे ऐकून फार मोठं काहीतरी वाटतं. डोंबिवलीला आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "काय गं, निघालं का औषध?" मी हसते. हसण्याची सवय लागली आहे.

बारा वर्षांपूर्वी मी पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला होते. काही मुलांची हाडं जन्मतःच ठिसूळ असतात. नुसत्या धक्क्याने, कधी कूस बदलताना मोडतात, आणि पुन्हा जुळताना वाकडी जुळतात. अशा मुलांच्या मूलपेशी हाड बनवताना कुठे चुकतात, हा माझा विषय होता. त्यासाठी त्या मुलांचं हाड हवं होतं, आणि ते एकाच प्रकारे मिळत असे. वाकलेलं हाड सरळ करून आत सळई घालण्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन हाडाचा एक छोटा तुकडा कापून काढतात. तो नाहीतरी टाकूनच द्यायचा. घरच्यांनी सही दिली तर तो मला. असे पाच नमुने मला हवे होते. तीन झाले होते. फेलोशिप जूनमध्ये संपणार होती.

चौथी आम्रपाली.

कल्याणला वालधुनीच्या बाजूला एका चाळीत वरच्या मजल्यावर ती राहायची. वडील रिक्षा चालवायचे, आई शोभाताई अंगणवाडीत होत्या. घरात शिरल्या शिरल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली आम्रपालीचं टेबल, टेबलावर नवनीत आणि प्रश्नसंचांची चळत. ती पंधरा वर्षांची होती आणि दहा वर्षांची दिसायची. या आजारात काहींच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असतो, तसा तिचा होता. त्यामुळे ती बघायला लागली की समोरच्याला आपण काहीतरी लपवतोय असं वाटायचं. डावा पाय नडगीत धनुष्यासारखा वाकलेला. पण काठी धरून, भिंतीला टेकत टेकत ती चाळीचा जिना स्वतः चढायची. वेळ लागायचा. कुणी हात पुढे केला की म्हणायची, "नको, तुम्ही पुढे व्हा."

पहिल्याच दिवशी तिने माझी उलटतपासणी घेतली.

"माझ्या पेशी काढल्यावर त्या मरणार ना?"

"नाही. मी त्यांना बशीत वाढवणार. खाऊपिऊ घालून."

"म्हणजे मी कल्याणला आणि त्या तिकडे."

"हो."

"आणि काय कळलं ते मला कोण सांगणार?"

"मी. सगळ्यात आधी तुला सांगेन."

ती हसली. "आई, बघ, प्रॉमिस केलंय हां यांनी." शोभाताई चहाचं आधण ठेवत म्हणाल्या, "अगं, मॅडम आहेत त्या, असं बोलतात का?"

जानेवारी संपता संपता सर्जननी मला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये थांबवलं. ते महिन्यातून ठरावीक दिवशीच कल्याणला यायचे. "त्या मुलीसाठी फेब्रुवारीची एक तारीख आहे," ते म्हणाले, "पण तिची बोर्डाची परीक्षा आहे. एप्रिलमध्ये घेऊ. दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. तू त्यांच्याकडे जातेच आहेस, तर विचारून मला कळव."

एप्रिलमध्ये हाड मिळालं असतं तर माझं काम झालं नसतं. पेशी हाडाच्या तुकड्यातून बाहेर यायला दोन आठवडे, वाढायला महिना, त्यांचं हाड होतंय का ते बघायला आणखी महिना. पॅसेजमधल्या पंख्याखाली उभी राहून मी हे आठवडे मोजले. मग चाळीत गेले.

त्या संध्याकाळचं माझं बोलणं मला पाठ आहे. मी म्हणाले, "शोभाताई, फेब्रुवारीची तारीख मिळतेय."

"पण हिची परीक्षा?"

"मध्ये तीन आठवडे मिळतात. प्लास्टर असताना पेपरला बसता येतं. मी शाळेला पत्र देते, तळमजल्यावरची खोली देतात ते."

"थांबलं तर नाही का चालणार?"

"पाय वाकत चाललाय ना. उगाच कशाला थांबायचं?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तारीख मिळत होती. प्लास्टरमध्ये पेपर देता येतो. पाय वाकत चालला होता. एवढंच, की सर्जन जे म्हणाले होते ते मी सांगितलं नाही. शोभाताईंनी मुलीकडे पाहिलं. आम्रपाली म्हणाली, "मॅडम सांगतायत तर करूया ना." दुसऱ्या दिवशी मी सर्जनना फोन केला, "त्यांना लवकरच हवंय." ते म्हणाले, "ठीक आहे, त्यांची इच्छा."

हाडाचा तुकडा चिंचोक्याएवढा होता. बर्फाच्या डब्यात, गुलाबी द्रवाच्या नळीत घालून तो मी मांडीवर घेऊन आले. दहा दिवस मी रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. अकराव्या दिवशी तुकड्याच्या कडेने पहिल्या पेशी बाहेर सरकलेल्या दिसल्या. लांबट, टोकदार, एकामागोमाग एक. माझ्या हातून इतक्या जोमाने आजवर कुणाच्याच वाढल्या नव्हत्या. मी आनंदाने उभीच राहिले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, म्हणून स्वतःशीच बोलले, "काय गं, आम्रपाली!"

त्या आनंदाबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही. तो खरा होता. इतका खरा आनंद मला आयुष्यात मोजक्याच वेळा झालाय, आणि तो ज्या दिवसांत झाला त्याच दिवसांत शाळेचं पत्र माझ्या पिशवीत पडून होतं. मी ते टाईप केलं होतं. सर्जनची सही राहिली होती. सही घ्यायला कल्याणला जायचं, तर पेशींचं खाद्य बदलायचा दिवस असे. उद्या, परवा. पत्राच्या घडीत पिशवीतली धूळ बसली.

पहिला पेपर मराठीचा. पेशींच्या खोलीत मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये असतो. दुपारी जेवायला बाहेर आले तेव्हा शोभाताईंचे सात मिस्ड कॉल होते. त्यांतले पहिले चार कॉल पेपर सुरू होण्याच्या आधीचे.

नंतर जे कळलं ते असं. तिचा नंबर दुसऱ्या मजल्यावर आला होता. तळमजल्यावर बसवायला केंद्रावर पत्र हवं होतं, ते नव्हतं. वडील रिक्षा लावायला मागे गेलेले. घंटा व्हायला आली. नुसत्या वाकड्या पायाने ती तो जिना कशीतरी चढली असती, पण आता पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. शोभाताईंनी तिला काखेत हात घालून उचललं. सातव्या-आठव्या पायरीवर आम्रपाली एकदम किंचाळली. उजवा दंड मोडला होता. लिहायचा हात.

शोभाताईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "माझ्या हातून झालं, मॅडम. माझ्याच हातून झालं." मी म्हणाले, "असं म्हणू नका हो." त्या वेळी दुसरं काहीतरी सांगायचं होतं. ते सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये मी भेटायला गेले. सोबत द्राक्षं नेली होती. परीक्षा संपून गेली होती, चाळीतली मुलं उन्हात ओरडत होती. आम्रपाली कॉटवर, एक पाय आणि एक हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये. पुस्तकांची चळत कॉटखाली गेली होती. शोभाताई माझ्याशी बोलत होत्या, पण मुलीच्या जवळ जात नव्हत्या, हे मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. आम्रपालीने विचारलं, "माझ्या पेशी कशा आहेत?"

"खूप छान वाढतायत," मी म्हणाले. माझ्या आवाजात कौतुक होतं, मला स्वतःलाच ऐकू आलं.

"मग त्यांना बसवायचं होतं ना पेपरला," ती म्हणाली.

त्यानंतर मी गेले नाही.

प्रबंध वेळेत झाला. तिच्या मूलपेशी हाड व्हायच्या दिशेने निघत आणि अर्ध्या वाटेवर अडकून पडत, असं दिसलं. हाडातला चुना ज्याने लाल दिसतो असा एक रंग असतो. निरोगी पेशींची बशी लाल व्हायची, तिच्या बशीत लाल ठिपके विरळ. हे चित्र इतकं स्वच्छ आलं की शोधनिबंधात तेच पहिलं छापलं. पुढे मी परदेशी गेले, चार वर्षं राहिले, परत आले, मुलाखतीत तेच चित्र दाखवून नोकरी मिळवली. आमच्या लिखाणात कर्ता नसतो. 'शस्त्रक्रियेदरम्यान टाकून देण्यात येणाऱ्या हाडातून नमुने घेण्यात आले.' कुणी घेतले, कुणाचे, कुठल्या महिन्यात, काही नाही. मराठीत असं वाक्य कुणी बोललं तर आपण लगेच विचारतो, अहो पण कुणी? इंग्रजीत मी ते बारा वर्षं सुखाने वाचत आले.

यंदा अन्वीचा भूमितीचा पेपर होता त्या दिवशी मला ईमेल आला. मजकूर मराठीत होता. 'मॅडम, मी आम्रपाली, वालधुनी. ठिसूळ हाडांच्या मुलांच्या पालकांचा आमचा एक गट आहे. त्यांच्यासाठी मी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. तुम्ही एकदा तपासाल का? तुमचा पेपर मी वाचलेला आहे.' शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं कोण जाणे. प्रॉमिसचा उल्लेख कुठेही नव्हता.

रविवारी गेले. चाळीच्या जागी आता बिल्डिंग आहे, त्यांना दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली आहे, लिफ्ट आहे. दार आम्रपालीनेच उघडलं, व्हीलचेअरवरून. सत्तावीस वर्षांची. केस बारीक कापलेले, चष्मा, बोलणं तसंच टोकदार. पुढच्या वर्षी दहावी दिली, मग घरूनच बी.ए. केलं, आता इंग्रजीतले फॉर्म आणि पत्रकं मराठीत करून देते. हे सगळं तिने दोन मिनिटांत सांगून टाकलं, मला विचारायची संधी न देता. शोभाताई जमिनीवर बसून गवार मोडत होत्या. केस पांढरे झालेले. "या मॅडम," म्हणाल्या, आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली.

आम्रपालीने माझ्या निबंधाची प्रिंट पुढे ठेवली. नमुन्यांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "यातली मी कुठली? चार ना?"

"हो."

"स्त्री, वय पंधरा, फ्रॅक्चर चौदा." ती वाचत होती. "चुकलंय हे. पंधरा हवेत."

"ती माहिती ऑपरेशनच्या दिवसाची असते," मी म्हणाले.

"हां. म्हणजे पंधरावं तुमच्या कामात धरत नाहीत."

तिने प्रिंट बाजूला सारली आणि स्वतःच्या पत्रकाची पानं दिली. सुरेख लिहिलं होतं तिने. मुलाला उचलायचं कसं, आंघोळ घालताना हात कुठे धरायचा, शाळेशी काय बोलायचं. अवघड शब्द एकही नाही. मला वीस वर्षांत असं लिहिता आलं नाही. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. 'ऑपरेशन कधी करायचं ते डॉक्टर ठरवतात. त्यांच्यावर विश्वास ठेवा.'

त्या ओळीवर मी अडले. पेन हातात होतं. खिडकीतून कुठल्यातरी घरची फोडणी येत होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. बरोबरची खूण करून पुढचं पान उलटता आलं असतं. इतकी वर्षं मी तेच केलं होतं.

"हे असं लिहू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या वेळी डॉक्टरांनी ठरवलं नव्हतं."

"मग?"

"ते म्हणाले होते परीक्षा होऊ दे, एप्रिलमध्ये करू, काही बिघडत नाही. मला तुम्हाला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. मला जूनच्या आत पेशी हव्या होत्या, म्हणून फेब्रुवारी म्हणाले. आणि शाळेचं पत्रसुद्धा मी दिलं नाही. ते माझ्या पिशवीत होतं."

गवारीचा आवाज थांबला.

"म्हणजे थांबता आलं असतं," आम्रपाली म्हणाली.

"हो."

"आणि मी प्लास्टरशिवाय गेले असते पेपरला. माझी मी."

"हो."

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. पत्रकातली ती ओळ खोडली. "मग इथे काय लिहू?" तिने विचारलं. मला वाटलं ती मला टोमणा मारते आहे. पण ती खरंच पेन धरून थांबली होती.

"लिही, की थांबलं तर चालेल का, हे स्वतः डॉक्टरांना विचारा. मधल्या माणसाला नको."

तिने लिहून घेतलं, शब्द न शब्द.

शोभाताई उठल्या नाहीत. मांडीवरच्या ताटलीत अर्ध्या मोडलेल्या शेंगा होत्या. त्या स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होत्या, उताणे करून, मग पालथे. म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी हिला उचललेलं नाही."

आम्रपाली म्हणाली, "आई, जाऊ दे ना."

"नाही, सांगू दे त्यांना. मॅडम, बारा वर्षं. बाथरूमला न्यायचं तरी हिचे पप्पा, नाहीतर शेजारच्या बाईला हाक. मी घरात बसलेली असायची आणि शेजारणीला हाक मारायची. ताप आला तरी लांबून पट्ट्या ठेवायची. मला वाटायचं माझ्या हातातच काहीतरी आहे. आईचा हात लागला आणि पोरीचं हाड मोडलं. हे मी कुणाला सांगणार होते?"

मी "शोभाताई" म्हणाले.

"तुम्ही तेव्हा आलेलात ना, द्राक्षं घेऊन. तेव्हा सांगितलं असतंत तर." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही आता निघा, मॅडम." रागाने नाही. उशीर होईल म्हणून पाहुण्याला सांगतात त्या आवाजात.

आम्रपालीने पत्रकाची पानं माझ्या हातातून काढून घेतली. दारापर्यंत आली नाही.

खाली येऊन मी गेटपाशी उभी राहिले. ऊन चढलं होतं, रस्त्यावर रविवारचा शुकशुकाट. दोन रिक्षा समोरून गेल्या, मी हात केला नाही. मी कान देऊन दुसऱ्या मजल्याच्या त्या खिडकीकडे बघत होते. रडणं, भांडण, भांडं आपटल्याचा आवाज, काहीतरी येईल म्हणून. काहीच आलं नाही. तिसऱ्या रिक्षात बसल्यावर मला कळलं मी कशाची वाट बघत होते ते. वरून कुणी मला शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. इतकं सगळं सांगूनही मी तिथून स्वतःसाठीच काहीतरी घेऊन जायला बघत होते. या वेळी त्यांनी दिलं नाही.